अक्कांच्या हजारातला वेळ

आमच्या गल्लीत वेळ विड्यांत मोजतात. ‘अजून दोनशे झाल्या की येते’, ‘पाचशे होईस्तोवर लाइट गेली’, असं बायका अगदी सहज बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागात अशा गल्ल्या कितीतरी आहेत. दारात, जिन्याच्या पायरीवर, जिथं जरा उजेड असेल तिथं मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखूचा डबा, दोरा. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा हजार, आणि मजुरी हजारावर. हात चालला तर पैसा, थांबला तर नाही.

शेजारच्या अक्काही विड्या वळतात. माझी लेक दुपारी बालवाडीतून सुटली की त्यांच्याकडे असते, कारण त्या वेळी मी कॉलेजात नाहीतर वॉर्डात असते. मी नर्सिंग शिकतेय. जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका, तिचं दुसरं वर्ष चालू आहे. माझं वय चौतीस, वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या.

पदरात लहान मूल असताना पुन्हा शिकायला बसलेल्या बाईबद्दल बोलताना लोक एक शब्द हमखास वापरतात: जिद्द. कॉलेजात पाहुणे आले की मला उभं करून सांगतात, बघा, संसार आणि लेकरू सांभाळून शिकतेय, किती जिद्द! लग्नकार्यात भेटलेल्या मावश्या म्हणतात. लोक मनापासून म्हणतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण मी कितीतरी वर्षं हिशेब लिहिलेत. एका बाजूला काही जमा झालं की दुसरीकडं कुणाच्या तरी नावे पडतं, हे माझ्या अंगात मुरलंय. माझ्या शिक्षणाच्या खात्यात रोज जे तास जमा होतायत ते येतात कुठून? चोवीसाचे पंचवीस कुणालाच करता येत नाहीत. म्हणजे ते कुणाच्या तरी नावे पडतायत. ‘जिद्द’ म्हटलं की ती सगळी बाजूच कोरी राहते. म्हणून ती बाजू इथं लिहून ठेवावीशी वाटते.

आधीचं माझं काम टॉवेलचं. विणायचं नव्हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, जीएसटी बघायची. सोलापुरी टेरी टॉवेल जहाजानं परदेशी निघतो तेव्हा त्याच्या कागदावर ६३०२६० हा कोड पडतो, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. टॉवेल हातात घेऊन त्याचा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, किती असेल ते सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. काम नावडतं नव्हतं. पुढं ऑर्डरी कमी-जास्त व्हायला लागल्या, ऑफिसातली टेबलं एकेक करून रिकामी झाली, आणि आपलंही कधीतरी होणार हे दिसायला लागलं. तेव्हा मनात दडून राहिलेली एक जुनी गोष्ट वर आली.

लेक तेहतिसाव्या आठवड्यात झाली. वजन दीड किलोच्या जरा वर. तिला काचेत ठेवलं आणि मी बाहेरच्या बाकावर. तिथं एक सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, आवाज बारीक. त्यांनी मला दूध कसं काढायचं ते शिकवलं. दर दोन तासांनी वाटीत किती घ्यायचं, चमचा ओठाच्या कोपऱ्याला टेकवून थेंब कसा सोडायचा, आणि तिनं तो गिळेपर्यंत हात कसा थांबवायचा, हेही. त्या थांबण्याला फार धीर लागतो. घाई केली तर दूध श्वासनळीत जाऊ शकतं, आणि हे सांगताना त्या घाबरवत नव्हत्या, नुसत्या माझ्या मनगटावर हात ठेवून होत्या. नंतर लेकीला माझ्या अंगाला अंग लावून, डोक्यात टोपी आणि पायांत मोजे घालून छातीवर बांधून दिलं. सासूबाई घाबरल्या, काचेतून एवढ्यात काढायचं? सिस्टर म्हणाल्या, “आजी, आता पेटीपेक्षा आईच्या अंगाची ऊब तिला जास्त मानवंल.”

याला कांगारू मदर केअर म्हणतात हे तेव्हा कानावर पडलं होतं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली हे आता अभ्यासात वाचलं. तिथल्या रुग्णालयात पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त, म्हणून एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी बाळं आयांच्याच अंगाला बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेला उपाय जगभर गेला आणि सोलापुरातल्या एका वॉर्डात माझ्यापर्यंत आला. ते वाचताना मला त्या सिस्टरांचे हात आठवले. ते हात मला हवे होते. एवढ्या साध्या इच्छेवर मी हा रस्ता धरला.

जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी हवं आणि ४० टक्के गुण हवेत. कोर्स तीन वर्षांचा. वयाची वरची मर्यादा ३५. मला तेव्हा तेहतिसावं सरत आलेलं. आणखी दोन वर्षं ‘लेक मोठी होऊ दे, मग बघू’ म्हटलं असतं तर दार बंदच झालं असतं. लहान मूल असलेल्या बाईला सगळे हेच सांगतात, मग बघू. मुलाचं वय आणि नियमातलं वय एकाच वेळी पुढं सरकत असतं, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

शहर म्हणून सोलापूरला पेशा बदलणं नवं नाही. हातमागावरून आलेले विणकर १८७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या जुन्या मिलमध्ये गेले, मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर आले, चादरीवरून टॉवेलवर आले. आणि बापयांचं काम सुटलं त्या प्रत्येक वेळी घर तरलं ते बायकांच्या सुपावर. बदलणारा माणूस आणि तो बदलेपर्यंत चूल पेटती ठेवणारा माणूस हे दोन वेगळे होते. शहराच्या इतिहासात पहिल्याबद्दल बरंच लिहिलेलं आहे.

आता अभ्यासाबद्दल, कारण तो मला खरंच आवडतो आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळे ‘जमतंय का?’ एवढंच विचारतात.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीत बाळाच्या कवटीचं चित्र आलं. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, मागची दीड-दोन महिन्यांत. चित्राखाली इंग्रजी नावं होती, ती मी पाठ केली. पण चित्र बघताना मला दिसत होत्या सासूबाई, पाटावर बसून लेकीला पसरलेल्या पायांवर घेऊन टाळूवर तेल घालताना. त्यांचं बोट एका ठरावीक जागी हलकं व्हायचं. ‘टाळू उडतीये बघ,’ म्हणायच्या, आणि खरंच तिथली कातडी नाडीबरोबर हलताना दिसायची. जुलाब झालेल्या बाळाची टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय, लगेच दवाखाना गाठायचा, हे पुस्तकात चौकटीत छापलंय. सासूबाईंनी ते शाळेची पायरी न चढता शिकलंय. परीक्षेत मी उत्तर इंग्रजीत लिहिलं, पण ते मला पाठ करावं लागलं नाही.

सलाइनचं गणित तर माझ्या घरचंच. ५०० मिली आठ तासांत द्यायचं, सेट एका मिलीला २० थेंबांचा. म्हणजे दहा हजार थेंब, ४८० मिनिटं, मिनिटाला एकवीसच्या आसपास. वर्गातल्या पोरी वहीत मांडतात, मी तोंडी सांगते. मग पलंगाशी उभं राहून घड्याळाच्या काट्याबरोबर थेंब मोजायचे आणि चाकी अगदी केसभर सरकवायची. इन्व्हॉइसमध्ये आकडा बरोबर आला की काम संपायचं. इथं आकडा बरोबर आल्यावर काम सुरू होतं, कारण पेशंट हात हलवतो, कूस बदलतो, थेंब मंदावतात. दर थोड्या वेळानं जाऊन बघावंच लागतं. या ‘जाऊन बघण्या’साठी मी आले, असं मला त्या वेळी वाटतं.

आणि भाषा. सोलापुरातल्या कुठल्याही वॉर्डात एका रांगेत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी माणसं झोपलेली असतात. अक्कलकोट, विजापूरकडून येणारी कानडी, आमच्या पूर्व भागातली तेलुगू. वेदनेत माणसाला दुसरी भाषा सुचत नाही, निदान म्हाताऱ्यांना तरी नाहीच. ‘एक्कड नोप्पी?’ हे मला अक्कांनी शिकवलं. कुठं दुखतंय, कधीपासून, जेवलात का, लघवी झाली का, एवढी चार-पाच वाक्यं त्यांनी माझ्याकडून संध्याकाळी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, चुकलं की मान हलवून परत. कानडीतलं ‘एल्लि नोव ऐतरी?’ वर्गातल्या अक्कलकोटच्या मुलीनं दिलं. एकदा रात्रीपासून कण्हत पडलेल्या आजींना मी तेलुगूत विचारलं तर त्यांनी माझा हात धरून इतकं काही सांगायला सुरुवात केली की मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण बोट त्यांनी बरोबर उजव्या कुशीत ठेवलं. ते मी मोठ्या सिस्टरांना सांगितलं. पुढचं त्यांनी बघितलं.

अक्कांचं आता नीट सांगते.

बालवाडी साडेबाराला सुटते. कॉलेज किंवा वॉर्ड आटोपून, सिटी बस मिळून मी घरी येईपर्यंत संध्याकाळचे पाच-साडेपाच होतात. हे मधले तास अक्कांनी स्वतःहून घेतले. “पोरगी हितंच खेळती की. मी घरातच असते, कुठं जाते मी?” घरातच असते, हे खरं. पण घरात असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे. विडी कामगार बाईचं घर हाच तिचा कारखाना.

त्यात तंबाखू. कम्युनिटी हेल्थच्या तासाला धंद्यामुळं होणारे आजार शिकवले. तंबाखूची बारीक धूळ श्वासावाटे जाते, खोकला, दमा होतो; ओल्या हाताच्या कातडीतूनही निकोटिन अंगात उतरतं. जिथं विडी वळली जाते तिथं रांगणाऱ्या, खेळणाऱ्या पोरांनाही ते चुकत नाही. त्या तासाला मला सूप दिसत होतं आणि सुपाशेजारी बसून कट्टे रचणारी माझी लेक. संध्याकाळी अक्कांशी कसं बोलावं कळेना. ज्या कामावर त्यांनी तीन मुलं वाढवली त्या कामाबद्दल मी त्यांच्याच दारात उभं राहून काय सांगणार? पण बोलले. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांची स्वतःची सासू खोकून खोकून गेली होती, त्यामुळं मी सांगत होते त्यात त्यांना नवीन असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लेक यायच्या आधी तंबाखूचा डबा बंद करून वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. फरशी पुसून घ्यायच्या, हात धुवायच्या, साडी बदलायच्या. मी वॉर्डात हात धुवायच्या पायऱ्या शिकले होते त्या लेकीनं अक्कांना दाखवल्या: तळवे, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. दोघी मोरीत उभ्या राहून मोठ्यानं म्हणत धुतात.

पण त्याचा अर्थ असा झाला की साडेबारा ते साडेपाच अक्कांचं सूप रिकामं. सकाळी लवकर आणि रात्री जेवणं झाल्यावर बसायचं, तेवढंच. ज्यांचा हजार कधी चुकत नव्हता त्यांच्या सहाशे-सातशेवर यायला लागल्या. कारखान्यावर माल द्यायला गेल्यावर विचारणा झाली, कमी का म्हणून. रात्री बल्बखाली पान कापायचं म्हणजे डोळ्यांना ताण. त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या सुनेनं सांगितलं.

मी रोज जे पाच तास शिकते ते हे आहेत. तीनशे-चारशे विड्या आणि एक चष्म्याचा नंबर.

आम्ही व्यवहार ठरवला. मी आठवड्याचा हिशेब मांडला: रोज किती कमी होतात, हजाराची मजुरी किती, म्हणजे तुटीची रक्कम किती. अक्का म्हणाल्या, “पैसे कशाला गं? लेकराला सांभाळायचे पैसे घेतात होय?” मी म्हणाले, “अक्का, सांभाळायचे नाहीत. ते मला परवडायचेच नाहीत. हे फक्त बुडालेल्या विड्यांचे.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं. निम्मे दे. निम्मं माझं.” निम्म्यावर ठरलं. दर शनिवारी मी देते, त्या मोजून घेतात, आणि मोजून घेतात याचं मला बरं वाटतं. शेजारधर्मावर सोडलेला वेळ कुणीच मोजत नाही, आणि शेवटी तो बाईच्याच अंगावर जिरतो.

घरातले तासही असेच कुठून कुठून आलेले. नवरा यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझर. सकाळचं सगळं आता त्याच्याकडं: लेकीची आंघोळ, वेणी, डबा. पहिले काही महिने वेणी दुपारपर्यंत टिकायची नाही, आता टिकते. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि ते कधी मध्यरात्री, कधी पहाटे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाणी आलं तर भांडी, ड्रम, टाकी भरायला तो एकटा उठतो, मला हाक मारत नाही. सासूबाई परीक्षेच्या महिन्यात बार्शीहून येतात, तेवढे दिवस गावाकडचं घर आणि शेरडं मामंजींवर टाकून. त्या येतात तेव्हा ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर पुरेल एवढी करून ठेवतात, म्हणजे माझा स्वयंपाकाचा वेळ वाचेल. “तू वाच,” एवढंच म्हणतात, आणि लेकीला घेऊन गच्चीवर जातात.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा नेमकी माझी चाचणी होती. सिद्धेश्वरांचे सातही नंदीध्वज रस्त्यावरून निघालेले, बाराबंदी घातलेली माणसं, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ची आरोळी सगळ्या गावात. लेक बापाच्या खांद्यावर बसून अक्षता सोहळा बघून आली. पाळण्यात बसली, भेंड बत्तासे आणले. रात्री मला सगळं सांगत होती आणि मधेच थांबून म्हणाली, “आई, तुला तर हे माहीतच असेल ना, तू लहानपणी गेली होतीस ना?” मी हो म्हणाले. तिचं पाचव्या वर्षीचं गड्ड्यातलं तोंड मी पाहिलेलं नाही. ते परत मिळणार नाही. या हिशेबात लेकीच्या नावेही बरंच पडलंय, आणि तिला तर कुणी विचारूनही घेतलेलं नाही. लोक म्हणतात, मोठी झाल्यावर तिला अभिमान वाटेल. वाटेलही. मी त्यावर विसंबून राहत नाही. तिला आज आई हवी असते, तर आजच काय देता येईल ते बघते. सुट्टीच्या दिवशी सकाळी पुस्तक उघडायचं नाही, हा आमच्यातला करार आहे. कंबर तलावावर जातो, परतताना सात रस्त्याला इडली खातो. ती माझी नाडी मोजते. मनगटावर बोटं बरोबर ठेवते, आकडा मात्र मनाचा सांगते.

सगळ्यात अवघड दिवस तो, जेव्हा तिला ताप होता आणि माझी पोस्टिंग मुलांच्या वॉर्डात होती. आमच्याकडं थिअरीला ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डातले तास मात्र शंभर टक्के भरल्याशिवाय पदविका हातात येत नाही. चुकलेली ड्युटी सुट्टीच्या दिवशी भरून काढावी लागते, आणि सुट्टी म्हणजे अक्कांकडून पुन्हा एक दिवस. मी गेले. वॉर्डात तिच्याच वयाचा एक मुलगा तापानं फणफणलेला. कोमट पाण्यात फडकं भिजवून मी त्याचं कपाळ, काखा, जांघा पुसत होते, त्याची आई उशाशी बसून माझ्याकडं बघत होती. तिला वाटत असावं, किती मायेनं करतेय ही मुलगी. माझे हात त्या पोराच्या अंगावर होते आणि मन विडी घरकुल वसाहतीकडच्या रस्त्यानं आमच्या गल्लीत.

मधल्या सुट्टीत फोन केला. अक्का म्हणाल्या, “रिक्षानं डॉक्टरकडं नेऊन आणली. औषध साडेअकराला दिलंय. आता साडेपाच झाल्याशिवाय परत नाही द्यायचं, डॉक्टर बोलला. मी घड्याळ बघतीय. तू काम कर.” अक्कांना लिहिता-वाचता येत नाही. मी आल्यावर त्यांनी सकाळपासूनचं सगळं वेळेसकट सांगितलं: किती वेळा पाणी प्यायली, किती वेळा लघवीला गेली, कधी घाम आला. वॉर्डात ड्युटी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला जे सांगतो, अगदी तेच, त्याच क्रमानं. त्या दिवशी अक्कांची एकही विडी झाली नव्हती.

वॉर्डातले तास शंभर टक्के हवेत, हा नियम मला पटतो. अर्धवट शिकलेल्या हातात मला माझी लेक द्यायची नाही, तर दुसऱ्याची कशी द्यावी? माझं म्हणणं नियम सैल करा असं नाही. माझं म्हणणं पाळणाघराचं आहे. २०१७ साली मातृत्व लाभाचा कायदा सुधारला, तेव्हापासून पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. नोकरी करणाऱ्या आईला कायद्यानं निदान कागदावर तरी पाळणाघर दिलं. शिकणारी आई नोकरीत नसते, म्हणून ती त्या कायद्यात बसत नाही. वॉर्डात मी त्याच सिस्टरांच्या बरोबरीनं, त्याच वेळेत उभी असते. आमच्या वर्गात आई असलेली मी एकटी, म्हणून कॉलेजला ही गरज दिसत नाही. पण पाळणाघर नाही म्हणून किती जणी अर्जच भरत नसतील, त्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

हे सगळं नव्यानं उगवलेलं नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं ते प्रौढ बायकांसाठीच: ज्यांची लग्नं झालीत, ज्यांना मुलं आहेत, ज्या विधवा आहेत, त्यांनी पुन्हा शिकावं, शिक्षिका व्हावं, ससूनमध्ये नर्सिंग शिकावं. सोलापुरातही सेवासदन आहे, माझी आई त्याच्या शाळेत शिकली. पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या, पदरात मुलगा होता, आणि अक्षरओळख त्यानंतरची. पुढं कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. शंभर वर्षांपूर्वी या बायकांनी शिकणं आणि मूल हे दोन्ही एका घरात बसवायचा प्रश्न हातात घेतला होता. तो अजून तसाच आमच्या गल्लीत येऊन थांबलाय.

कधीकधी बस चुकली की मी भय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकापाशी थांबते. आम्हा सोलापूरकरांना शाळेपासून त्यांची गोष्ट पाठ: १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धात जखमींची सेवा केली, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले. नर्सिंगला आल्यापासून मला त्या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल जास्त कुतूहल वाटतं. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान या परिचारिका होत्या. कोटणीस गेले तेव्हा त्यांचं बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. युद्ध चालू, हातात तान्हं मूल, आणि पेशा आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचा. त्या दिवसांत बाळाला कोण घेत असेल? कुणीतरी घेत असणारच. त्या बाईचं नाव मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

आता पुढच्या वर्षी मिडवायफरी आहे आणि रात्रपाळ्या लागतील. त्याचा हिशेब आम्ही आत्तापासून मांडतोय. रात्री नवरा घरी, त्यामुळं अक्का रात्री सुपावर बसायला मोकळ्या राहतील. दुपारचे तास मात्र मी ड्युटी करून आल्यावर झोपणार, तेव्हा लेक पुन्हा त्यांच्याकडं. शनिवारची रक्कम तेवढीच राहील, पण मजुरीचा दर बदलला तर मीही बदलणार, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.

मध्यंतरी अक्कांची सून एका संध्याकाळी वही घेऊन आली. दहावी झालेली, अकरावीला लग्न, आता आठ महिन्यांचं पोरगं आणि सासूबरोबर तीही सुपावर बसते. मला म्हणाली, “वहिनी, बारावी बाहेरून देता येते का हो?” येते. सतरा नंबरचा फॉर्म असतो. बारावी झाली की नर्सिंगला अर्ज करता येईल, पस्तिशीला तिला अजून खूप अवकाश आहे. आम्ही लागणाऱ्या कागदांची यादी केली, शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या शाळेत मागायचा ते ठरवलं. मग ती मूळ प्रश्नावर आली, जो तिनं आधी विचारला नव्हता: पोराला कोण बघणार? अक्कांकडं आधीच माझी लेक.

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी दुपारी बारा ते पाच तिचं पोरगं माझ्याकडं, माझ्या लेकीबरोबर, आणि ती आमच्या आतल्या खोलीत अभ्यासाला. त्या दिवशी अक्का सबंध दिवस मोकळ्या, त्यांचा हजार पुरा होतो. बाकीच्या दिवसांचं अजून जमायचंय. वरच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकाताईंशी तिचं बोलणं चालू आहे, आणि कॉलेजात पाळणाघराच्या मागणीचा अर्ज मी लिहायला घेतलाय. त्यावर सह्या करायला वर्गातल्या सगळ्या मुली तयार आहेत, ज्यांना अजून मूल नाही त्याही.